साठ पत्त्यांत काय ठेवायचं, काय काढायचं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ट्रेडिंग कार्ड गेमवरचे, म्हणजे कार्डं जमवून त्यातून स्वतःचा संच (डेक) बनवून खेळायच्या खेळांवरचे प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं आणि पोकेमॉन, मॅजिक, यू-गी-ओ, हार्थस्टोन अशी सगळी सरमिसळ येऊन पडली. "सध्या बेस्ट डेक कुठला ते सांगा" हा प्रश्न बऱ्याच जणांचा होता, तो मुद्दाम बाजूला ठेवलाय, कारण अंक छापून तुमच्या हातात पडेपर्यंत नवीन सेट आलेला असतो नाहीतर एखादं कार्ड बॅन झालेलं असतं आणि माझं उत्तर शिळं होतं. बाकीच्यातले निवडक घेतलेत.

प्रश्न (पुणे, अकरावीतला विद्यार्थी): दादा मी पोकेमॉन टीसीजी पॉकेट खेळतो. माझ्याकडे चारिझार्ड ईएक्स, म्यूटू ईएक्स, आर्टिक्युनो ईएक्स असे भारी ईएक्स पोकेमॉन सगळे आहेत, सगळे एकाच डेकमध्ये टाकलेत तरी हरतो, आणि समोरचा नुसता पिकाचू घेऊन येतो आणि मला धुऊन जातो. नशीब खराब आहे का गेमच पैसेवाल्यांचा आहे?

उत्तर: नशिबाला मध्ये आणू नकोस रे, तू डेक बनवलाच नाहीयेस, तू तुझं कलेक्शन घेऊन खेळायला बसलायस. मेंढीकोटात मेंढ्या किती पकडल्या ते मोजतात, हातात एक्के किती होते ते कोणी विचारत नाही, तसंच आहे हे.

तुझ्या डेकचं बघ. आग, सायकिक आणि पाणी असे तीन प्रकार निवडलेस की हल्ल्याला लागणारी एनर्जी जिथून मिळते तो एनर्जी झोन दर टर्नला त्यातली कुठलीतरी एक देतो, कुठली ते तुझ्या हातात नाही. चारिझार्डच्या मोठ्या हल्ल्याला चार एनर्जी लागतात, त्यातल्या दोन आगीच्याच हव्यात. म्यूटूलाही चार लागतात आणि त्यातल्या दोन सायकिकच हव्यात. म्हणजे तुझे तिघेही बेंचवर, म्हणजे मागच्या राखीव जागेत, बसून आपापल्या एनर्जीची वाट बघत असतात आणि त्यात चारिझार्ड हा स्टेज टू, आधी चारमँडर, मग चारमेलियन, मग तो. वीस कार्डांच्या डेकमध्ये दोन-दोन-दोन धरली तर सहा कार्डं त्याच्यावरच गेली. कुठल्याही कार्डाच्या दोन प्रती टाकल्या तर अर्धा डेक उलटून होईपर्यंत त्यातली निदान एक मिळायची शक्यता साधारण तीन-चतुर्थांश असते, आणि तुला तिन्ही पायऱ्या, त्याही योग्य क्रमाने, वर योग्य एनर्जी, असं सगळं एकत्र जुळून यायला हवंय. नाही येत. रोज नाही येत.

आता तो "नुसता" पिकाचू ईएक्स बघ. दोन एनर्जी, दोन्ही विजेच्या, डेकमध्ये दुसरा प्रकारच नाही. बेंचवर जितके विजेचे पोकेमॉन तितके तीस डॅमेज, बेंचवर जागा तीन, म्हणजे नव्वद. त्याच्या डेकमधलं प्रत्येक कार्ड एकच काम करतं, बेंच भर आणि मार. तू तिसऱ्या टर्नला चारमेलियन शोधत असतोस तेव्हा त्याचा एखादा पॉइंट झालेलासुद्धा असतो, आणि गेम तीन पॉइंटचाच आहे, तुझा एक ईएक्स पडला की दोन गेले.

म्हणून एक कर. एक मुख्य हल्लेखोर ठरव आणि मग उरलेल्या प्रत्येक कार्डाला विचार की तू याच्यासाठी काय करतोस. म्यूटू ईएक्स ठेवायचा असेल तर राल्ट्स, किर्लिया, गार्डेवॉर ही साखळी ठेव कारण गार्डेवॉर दर टर्नला पुढच्या सायकिक पोकेमॉनला एक सायकिक एनर्जी जास्तीची देते आणि म्यूटूचा तो दीडशेचा हल्ला दोन एनर्जी खातो ती भरून निघते. दोन म्यूटू आणि सहा साखळीतली झाली आठ, उरलेली बारा ट्रेनर, म्हणजे पोकेमॉन नसलेली मदतीची कार्डं. प्रोफेसर्स रिसर्च आणि पोके बॉल दोन-दोन आधी टाक, मग बाकीचं. चारिझार्ड आणि आर्टिक्युनोचे वेगळे डेक बनव ना, कोण अडवतंय.

आणि एक गंमत सांगतो. पॉकेटमध्ये पहिल्या हातात एक बेसिक, म्हणजे थेट उतरवता येणारा, पोकेमॉन येणारच अशी सोय आहे. याचा फायदा घेऊन लोकांनी फक्त दोन आर्टिक्युनो ईएक्स आणि अठरा ट्रेनर असा डेक खेळून दाखवला, म्हणजे सुरुवातीला आर्टिक्युनो हातात असणारच, शंभर टक्के. जिंकतो का तर अधूनमधून जिंकतो, पण नियम वाचून डेक बनवणं म्हणजे काय ते त्यात दिसतं.

प्रश्न (अकोला): मिस्टी कार्ड बॅन करायला पाहिजे की नको? समोरच्याला नेहमी चार हेड पडतात.

उत्तर: नेहमी नाही पडत, चार पडले तेव्हाचं लक्षात राहतं. टेल पडेपर्यंत नाणं उडवायचं आणि जितके हेड तितक्या एनर्जी, म्हणजे निम्म्या वेळा हातात शून्य एनर्जी, सरासरी काढली तर एक. समोरच्याचं कार्ड निम्म्या वेळा फुकट जातं ते तू मोजत नाहीस. तरी चिडचिड समजू शकतो, पहिल्याच टर्नला गेम संपल्यासारखा वाटणारं डिझाइन मलाही आवडत नाही.

प्रश्न (कोल्हापूर): मॅजिक अरीनावर (मॅजिकच्या ऑनलाइन रूपात) खेळतो, लाल रंगाचा अ‍ॅग्रो, म्हणजे झटपट हल्ल्याचा, डेक आहे. कधी लँडच येत नाहीत, कधी नुसत्या लँडच येतात. मित्र म्हणतो १८ कर, यूट्यूबवाला म्हणतो २४ ठेव. नक्की किती?

उत्तर: दोघंही बरोबर असू शकतात. लँड म्हणजे माना देणारी कार्डं आणि माना म्हणजे बाकीची कार्डं उतरवायची किंमत, तेव्हा डेकमधलं सगळ्यात महाग कार्ड किती मानाचं आहे त्यावर आहे सगळं. पण आधी आकडे बघू, कारण या विषयावर लोक भावनेने फार बोलतात.

साठ कार्डांत २४ लँड असतील तर पहिल्या सात कार्डांत शून्य किंवा एकच लँड यायची शक्यता साधारण १४ टक्के, म्हणजे सात गेममध्ये एकदा. २० लँड केल्या की तीच शक्यता जवळजवळ २५ टक्के होते, चार गेममध्ये एकदा. चार लँड काढल्या आणि खराब हात जवळपास दुप्पट झाले, आणि हे कळत नाही कारण आपल्याला वाटतं चारच तर काढल्या. दुसऱ्या बाजूला २४ वर सहा किंवा सात लँडचा हात दीड टक्क्यापेक्षाही कमी वेळा येतो, पण तोच आपल्याला आठवतो आणि मग आपण चिडून लँड कमी करतो.

मग अ‍ॅग्रोवाले २०-२१ वर कसे जगतात? तर त्यांना एका लँडवर खेळता येतं, दोनवर आरामात खेळता येतं आणि चौथी आली नाही तरी चालतं. तुझ्या डेकमध्ये एक मानाची बारा-पंधरा कार्डं आहेत का? दोन मानाची तितकीच? मग २० ठीक. पण मी हमखास बघतो की लोक डेकला अ‍ॅग्रो म्हणतात आणि आत पाच मानाचे ड्रॅगन तीन घालून ठेवतात, कारण ड्रॅगन छान दिसतो. एकतर ड्रॅगन काढ नाहीतर लँड वाढव, दोन्ही वाचवायला जाशील तर दोन्हीकडून मरशील.

हा मानाचा हिशोब आता सगळे करतात पण एके काळी कोणी करत नव्हतं. १९९६ साली अमेरिकेत अटलांटाच्या एका पात्रता स्पर्धेला पॉल स्लाय नावाचा खेळाडू लाल डेक घेऊन आला, त्यामागची कल्पना जे श्नायडरची होती. त्या डेकमध्ये लोक ज्यांच्याकडे ढुंकून बघत नसत असे गॉब्लिन आणि ऑर्क होते, पण प्रत्येक टर्नला जेवढा माना आहे तेवढा पूर्ण वापरला जाईल अशा हिशोबाने निवडलेले. पहिल्या टर्नला एकाचं, दुसऱ्याला दोनचं, काहीच वाया नाही. समोरचे भारी कार्डं हातात धरून बसायचे आणि हा रोज थोडं थोडं मारून मोकळा व्हायचा. त्यातूनच "माना कर्व्ह" हा शब्द रूढ झाला आणि लाल झटपट डेकना लोक अजून स्लाय म्हणतात.

आणि हो, अरीनावर एक गेमवाली मॅच खेळत असशील तर तिथे सिस्टिम आतल्या आत एकापेक्षा जास्त हात काढून त्यातला लँडच्या हिशोबात बरा हात तुला देते. म्हणून तिथे १८ वर पण डेक पळतो असं वाटतं. तोच डेक तीन गेमच्या मॅचमध्ये किंवा दुकानात कागदी कार्डांनी खेळायला नेलास की तोंडावर आपटतोस. मित्र १८ म्हणतो ना, त्याला विचार कुठे खेळतोस ते.

प्रश्न (ठाणे, एक आई): माझा मुलगा आठवीत आहे. तो स्वतः डेक बनवत नाही, नेटवरून जिंकलेल्यांचे डेक जसेच्या तसे उतरवून घेतो. ही कॉपी झाली ना? शिवाय पाकिटं घ्यायला पैसे मागतो ते वेगळंच.

उत्तर: ताई, कॉपीचं आधी सांगतो, ती कॉपी आहे आणि त्यात काही वाईट नाही. बुद्धिबळ शिकणारी मुलं मोठ्यांनी खेळलेल्या ओपनिंग पाठ करतातच की. जिंकलेल्या डेकमध्ये एखादं कार्ड तीनच का आहे, चार का नाही, यामागे कित्येक तासांचा सराव असतो, तो मुलाला फुकट मिळतोय. फक्त त्याला एक विचारा, की यातलं हे अमुक कार्ड कशासाठी आहे रे? सांगता आलं तर तो शिकतोय. "माहीत नाही, लिस्टमध्ये होतं" म्हणाला तर त्याला तो डेक महिनाभर न बदलता खेळू दे, बदल नंतर. दर दोन दिवसांनी नवीन डेक उतरवणारी मुलं असतात, ती हरतात आणि डेकला शिव्या देतात.

पैशाचं म्हणाल तर फोनवरच्या पॉकेटमध्ये दर बारा तासांनी एक पाकीट फुकट असतं, म्हणजे दिवसाला दोन, आणि प्रत्येक पाकिटामागे पाच पॉइंट जमतात, पाचशे झाले की हवं ते साधं ईएक्स कार्ड थेट घेता येतं. तेवढ्यात धीराने एक चांगला डेक उभा राहतो. कागदी कार्डं घेत असेल तर पाकिटं फोडू नका, त्यात काय निघेल ते नशीब. हवं ते सुटं कार्ड विकत घ्या, डेकला लागतं तेवढंच. पाकीट फोडण्यात जी मजा आहे ती वाढदिवसाला ठेवा. आणि फोनमध्ये खरेदीला पासवर्ड लावलाय ना एवढं आज बघून घ्या.

प्रश्न (नाशिक): माझा डेक मिडरेंज आहे, ना अ‍ॅग्रो ना कंट्रोल (थोपवून खेळणारा). कधी हल्ला करायचा आणि कधी थांबायचं तेच कळत नाही. जिंकायच्या जागी असतो आणि हरतो.

उत्तर: यावेळच्या सगळ्या प्रश्नांत हा सगळ्यात भारी, कारण यात कार्डांचा नाही तर खेळण्याचा प्रश्न आहे आणि लोक कार्डं बदलून तो सोडवायला बघतात.

१९९९ मध्ये माइक फ्लोरेस नावाच्या मॅजिक खेळाडूने एक लेख लिहिला, तो आजही नवीन खेळाडूंना वाचायला देतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की कुठल्याही सामन्यात एकाचं काम मारायचं असतं आणि दुसऱ्याचं थोपवायचं, आणि ज्याला आपलं काम चुकीचं कळतं तो हरतो. डेकवर "अ‍ॅग्रो" असं लेबल आहे म्हणून तुमचं काम मारायचं, असं नाही. समोर कोण बसलंय त्यावर तुमचं काम ठरतं.

मिडरेंजवाल्यांची अडचण तीच. समोर गॉब्लिनचा झटपट डेक आला की तुम्ही कंट्रोल आहात. तुमचे तीन-चार मानाचे प्राणी त्याच्या गॉब्लिनपेक्षा मोठे आहेत, गेम लांबला की तुम्हीच जिंकणार, मग हल्ला करायला जाऊन तुमचा ब्लॉकर तिरका, म्हणजे अडवायला निकामी, का करून ठेवता? बसा घरी, अडवा, त्याचा हात रिकामा होऊ द्या, आठ-नऊ लाइफवर स्थिर झालात की मग निघा. आणि तोच डेक घेऊन तुम्ही एखाद्या रॅम्पवाल्यासमोर बसलात, जो सुरुवातीला नुसता माना जमवतोय आणि सहाव्या-सातव्या टर्नला राक्षस काढणार आहे, तर आता तुम्ही अ‍ॅग्रो. इथे "आधी बोर्ड नीट लावू, मग मारू" म्हणत बसलात की गेलात, कारण गेम लांबला की त्याच्या एका कार्डाला तुमची दोन लागतात. इथे दुसऱ्या टर्नचा प्राणी दुसऱ्याच टर्नला उतरवा आणि दर टर्नला मारा, एक-दोन प्राणी गमावले तरी चालतील.

माझी सवय अशी की पहिला हात बघतानाच एक विचारायचं: हा गेम दहाव्या टर्नला गेला तर कोण खूश? तो खूश असेल तर मला घाई, मी खूश असेन तर त्याला घाई. हात ठेवायचा की मुलिगन करायचं (हात परत करून नवीन घ्यायचा) तेही यावरच ठरतं, मला घाई असलेल्या सामन्यात पाचव्या टर्नला चालू होणारा हात कितीही देखणा असला तरी परत. आताच्या नियमाने परत नवीन सात बघायला मिळतात आणि मग जितक्यांदा मुलिगन केलं तितकी कार्डं डेकच्या तळाला ठेवायची, २०१९ पासून असं आहे, म्हणून एक मुलिगन पूर्वीइतकं महाग नाही पडत. लोक उगाच घाबरतात.

दोन्ही कंट्रोल असले की तर अजून मजा. हार्थस्टोनमध्ये डेक संपला की दर टर्नला फटीग, म्हणजे नुकसान, लागतं, एक, मग दोन, मग तीन असं वाढत. तिथे दोन कंट्रोल वॉरियर समोरासमोर आले की जो हौसेने कार्डं ओढत बसतो तोच आधी मरतो. एरवी कार्ड ड्रॉ म्हणजे सोनं, पण या एका सामन्यात तेच विष. मी पाहिलेत लोक, समोरच्याची सतरा कार्डं शिल्लक आणि आपली नऊ, तरी कार्ड ओढायची संधी दिसली की ओढतात.

तुम्ही पुढच्या वेळी हराल तेव्हा कुठलं कार्ड आलं नाही ते बघू नका, कुठल्या टर्नला तुमचं काम बदलायला हवं होतं ते शोधा. रिप्ले असेल तर उत्तमच.

प्रश्न (नागपूर): यू-गी-ओ मास्टर ड्युएल. ४० कार्डांचा डेक बरा की ६० चा? जास्त कार्डं म्हणजे जास्त पर्याय ना? आणि सगळे ते हँड ट्रॅप एवढे का घालतात?

उत्तर: पर्याय डेकमध्ये पडून काय कामाचे, हातात यायला हवेत. समजा तुझा कॉम्बो, म्हणजे एकामागून एक कार्डांची साखळी, सुरू करणारी बारा कार्डं आहेत. ४० च्या डेकमध्ये पहिल्या पाचात त्यातलं निदान एक यायची शक्यता ८५ टक्के. तीच बारा ६० च्या डेकमध्ये टाकलीस की ६९ टक्क्यांच्या आत. एकाच कार्डाच्या तीन प्रतींचं बघितलं तर ४० मध्ये जवळपास ३४ टक्के आणि ६० मध्ये २३. यू-गी-ओत बऱ्याचदा गेम दुसऱ्या-तिसऱ्या टर्नला आटोपतो, तिथे "नंतर येईल" असं काही नसतंच.

साठचा डेक खेळायला कारण लागतं. सगळ्यात प्रसिद्ध कारण म्हणजे दॅट ग्रास लुक्स ग्रीनर हे कार्ड, त्याने समोरच्याच्या डेकमध्ये जेवढी कार्डं आहेत तेवढी तुझ्याकडे उरेपर्यंत तुझी वरची कार्डं थेट ग्रेव्हयार्डमध्ये (वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) जातात. समोरचा ४० वाला, तू ६० वाला, म्हणजे वीसेक कार्डं एका फटक्यात ग्रेव्हयार्डमध्ये, आणि ज्या डेकचा सगळा कारभारच ग्रेव्हयार्डमधून चालतो त्याची दिवाळी. असं काही नसेल तर चाळीस, फार तर एक्केचाळीस-बेचाळीस.

हँड ट्रॅपचं म्हणशील तर मास्टर ड्युएलमध्ये मॅच एका गेमची, साइड डेक (दोन गेमच्या मधे बदलायची राखीव कार्डं) नाही, आणि नाणं तुझ्या विरोधात पडलं की समोरचा पहिल्याच टर्नला दहा मिनिटं एकटाच खेळत बसतो. तू दुसरा असलास की तुझ्या टर्नपर्यंत थांबलास तर उशीर झालेला असतो. म्हणून अ‍ॅश ब्लॉसमसारखं कार्ड, जे त्याच्या टर्नमध्ये हातातूनच टाकता येतं आणि त्याचा डेकमधून शोधायचा इफेक्ट अडवतं. पण ते कुठे टाकायचं यात खरी अक्कल. पहिल्याच सर्चवर टाकू नकोस घाबरून. समोरचा डेक ओळखीचा असेल तर त्यात एक गळ्याची जागा असते, एक कार्ड जे अडलं की पुढचं सगळं अडतं, तिथपर्यंत हात आवर. त्यासाठी एकदा स्वतः तो डेक खेळून बघावा लागतो, दुसरा उपाय मला माहीत नाही. मॅक्स सी या कार्डावर मात्र मी काही बोलणार नाही, ते अमेरिका-युरोपच्या कागदी स्पर्धांत २०१८ मध्ये बंद झालं तरी जपानमध्ये आणि मास्टर ड्युएलमध्ये चालत राहिलं, यातच सगळं आलं.

प्रश्न (मिसिसॉगा, कॅनडा): इथे दुकानात पोकेमॉनच्या लीग स्पर्धा होतात, मी आणि मुलगी पहिल्यांदा जाणार आहोत. सगळ्यात ताकदवान डेक न्यायचा की आपला वेगळा? आणि पोकेमॉनमध्ये साइडबोर्ड नसतो हे खरं का?

उत्तर: खरंय, नसतो. जे काय उत्तर न्यायचंय ते त्या साठ कार्डांतच न्यायचं, आणि म्हणूनच दुकानात लोक काय खेळतात हे माहीत असणं तिथे फार कामाचं. जमलं तर आधी एक दिवस नुसतं बघायला जा.

वेगळा डेक न्यायचा तर कसा, याचं माझं आवडतं उदाहरण २०२४ च्या होनोलुलूच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचं. तेव्हाचे बहुतेक मोठे डेक रूल बॉक्सवाल्या (ईएक्ससारख्या, कार्डावर खास नियम छापलेल्या) पोकेमॉनच्या अ‍ॅबिलिटीवर चालत होते, कोणी त्यातून एनर्जी लावायचं, कोणी कार्डं ओढायचं. चिलीचा फर्नांडो सिफुएन्तेस आयर्न थॉर्न्स ईएक्स घेऊन आला. हा पोकेमॉन पुढे उभा असेपर्यंत फ्यूचर प्रकार सोडून बाकी सगळ्या रूल बॉक्सवाल्यांच्या अ‍ॅबिलिटी बंद. बेसिक पोकेमॉन, उत्क्रांतीची भानगड नाही, हल्ला १४० चा, म्हणजे एका फटक्यात कोणाला उडवत नाही, नुसत्या कार्डाकडे बघितलं तर कोणी म्हणेल याच्यात काय आहे. पण समोरच्यांची इंजिनंच बंद पडली की १४० पुरतात. तो जगज्जेता झाला. हाच डेक दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या मैदानात नेला असता तर चालला असता असं अजिबात नाही, त्या मैदानासाठी तो बरोबर होता.

पण तुम्ही दोघं पहिल्यांदा जाताय, तर असले डाव नंतर. मुलीला असा डेक द्या ज्याचा पहिला टर्न नेहमी साधारण सारखाच असतो. बेसिक पोकेमॉन मोजा, साठात आठच असतील तर पहिल्या सातात एकही न यायची शक्यता ३५ टक्क्यांच्या आसपास, बारा असतील तर १९. आणि प्रत्येक वेळी बेसिक नाही म्हणून हात परत केला की समोरच्याला एक जादा कार्ड ओढता येतं, ते लहान मुलांना फार लागतं मनाला. दुसरं म्हणजे प्राइझ. सहा कार्डं सुरुवातीलाच बाजूला जातात, म्हणजे डेकमध्ये एकच प्रत असलेलं कार्ड दहात एकदा प्राइझमध्ये अडकणार. ज्याच्याशिवाय डेक चालतच नाही असं कार्ड एकच ठेवू नका. पहिल्यांदा डेकमध्ये शोधायची संधी मिळाली की शफल करायच्या आधी पटकन बघून घ्यायचं काय काय दिसत नाहीये, ही सवय मुलीला आत्ताच लावा, मोठी माणसं करत नाहीत.

प्रश्न (मडगाव): मॅजिकमध्ये साइडबोर्डची पंधरा कार्डं तर घेतली, पण दुसऱ्या गेमला काय काढायचं तेच सुचत नाही, मग आत काहीच घालत नाही.

उत्तर: साइडबोर्ड उलटा बनव. आधी कागदावर नेहमी भेटणारे चार-पाच डेक लिही, प्रत्येकाविरुद्ध तुझ्या साठातली कुठली कार्डं निकामी आहेत ते लिही, पाच तर पाच, दोन तर दोन, आणि मग तेवढीच आत येणारी कार्डं शोध. ज्याच्याकडे प्राणीच नाहीत त्याच्यासमोर तुझी प्राणी मारायची कार्डं हातात कुजतात, ती बाहेर. पण चांगली वाटतात म्हणून आठ-आठ कार्डं आत घालू नकोस, मग तुझा डेक काय करणार होता तेच हरवतं. अ‍ॅग्रोवाल्याने तर दोन-तीनच्या पुढे जाताना दहादा विचार करावा.

प्रश्न (सोलापूर): स्पर्धेला स्लीव्ह (कार्डांची प्लास्टिकची आवरणं) घालायलाच हव्यात का? महाग आहेत.

उत्तर: घाल. कार्डाचा कोपरा दुमडलेला असला आणि मागून ओळखू येत असेल तर ते मार्क्ड कार्ड धरतात, तुझ्या मनात काही नसलं तरी पेनल्टी बसते. मागून आरपार दिसणार नाही अशा, सगळ्या एकाच रंगाच्या आणि एकाच पाकिटातल्या घे, जुन्या-नव्या मिसळू नकोस, आणि पाच-सहा जास्तीच्या खिशात ठेव, स्लीव्ह नेमक्या तिसऱ्या राउंडला फाटतात.